न थांबणाऱ्याचे काय करायचे?

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, यांस



रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसाला पहिल्या तासाभरात इस्पितळात पोहोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्याला आपले मंत्रालय 'राहवीर' म्हणून २५,००० रुपये देते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा रक्कम ५,००० होती. २०२५ मध्ये आपण ती पाचपट केलीत. या पैशांबद्दल माझी काही तक्रार नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांनी १,६८,४९१ माणसे घेतली. मृत्यू निम्म्यावर आणायचे आपले उद्दिष्ट साधले नाही, उलट आकडा वाढला, हे आपण डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत उभे राहून सांगितलेत. स्वतः मोठ्या अपघातातून गेल्याचेही आपण त्याच वेळी बोललात. सत्तेवरचा माणूस इतके सरळ क्वचितच बोलतो, म्हणून हे पत्र आपल्याला लिहावेसे वाटले.

मी महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवले. कोणते काम कर्तव्य आणि कोणते कर्तव्याच्या पलीकडचे, हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा. तो पुस्तकातला राहिलेला नाही, आपल्या मंत्रालयाच्या योजनेत आणि कायद्यात येऊन बसला आहे, आणि तिथे त्याचे उत्तर उलटे दिले गेले आहे असे मला वाटते. सरकार ज्या कामाला इनाम देते, ते काम न करणाऱ्याचे काही चुकले नाही असेही ते त्याच वेळी सांगून जाते. मुलाला शाळेत घालणाऱ्या बापाला आपण वीर म्हणत नाही. रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या माणसासाठी गाडी थांबवणे, निदान १०८ किंवा ११२ ला फोन लावणे, हे वीराचे काम आहे की माणसाचे?

या प्रश्नावर ज्यांनी सर्वांत खोलवर विचार केला त्यांत इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल आहे. महाराष्ट्राला तो परका नाही. आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर वाचून आपले विचार घडवले, आणि टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिताना मिलच्या उपयुक्ततावादी पंथाशी पानेच्या पाने वाद घातला. उपयुक्ततावादाचा मूळ आग्रह असा, की ज्या कृत्याने सर्वांचे मिळून अधिकात अधिक भले होईल ते योग्य. ऐकायला साधे आहे, पण त्याच्या पोटात एक भयंकर मागणी दडली आहे. सर्वांत जास्त भले करणे हेच जर कर्तव्य, तर मी आज संध्याकाळी चहा पीत बसलो हेही कर्तव्यच्युती ठरते, कारण त्या वेळात आणि त्या पैशात कुठे तरी कुणाचे तरी दुःख कमी करता आले असते. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले त्यानंतर, १९७२ मध्ये, पीटर सिंगर या तरुण तत्त्वज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. डबक्यात बुडणारे मूल वाचवताना कपडे चिखलाने भरतील म्हणून तुम्ही थांबणार नाही, मग हजारो मैलांवरच्या उपाशी माणसासाठी का थांबता, असे त्याने विचारले. त्याच्या हिशेबात दान नावाचा वेगळा कप्पाच उरत नाही, सगळेच देणे होऊन बसते.

मिलला ही अडचण शंभर वर्षे आधी दिसली होती. १८६१ मध्ये उपयुक्ततावादावर त्याने जी लेखमाला लिहिली, तिच्या शेवटच्या भागात त्याने कर्तव्याची खूण वेगळ्या ठिकाणी शोधली. एखादे वागणे नैतिक गुन्हा आहे असे आपण म्हणतो तेव्हा तसे वागणाऱ्याला कुठली तरी शिक्षा व्हावी, असे आपल्याला मनातून वाटत असते. कायद्याने झाली तर कायद्याने, नाही तर चार माणसांच्या बोलण्याने, आणि तेही नसेल तर त्याच्या स्वतःच्या मनाच्या टोचणीने. बाकी पुष्कळ गोष्टी अशा असतात की कोणी केल्या तर आपल्याला त्याचा आदर वाटतो, आणि नाही केल्या तर जाब विचारायचा हक्क आपल्याला पोहोचत नाही. म्हणजे कर्तव्य ठरवताना या कामाने किती भले होईल एवढेच विचारून भागत नाही. हे काम न करणाऱ्याला शिक्षा केल्याने भले होईल का, हेही विचारावे लागते. पहिल्याचे उत्तर 'पुष्कळ' आणि दुसऱ्याचे 'नाही' असे आले, की ते काम कर्तव्याच्या पलीकडे जाते.

या विचारावर मोठे आक्षेप आहेत. वाईट असते म्हणून शिक्षा करायची, की शिक्षा करणे उपयोगी ठरते म्हणून एखादे कृत्य वाईट म्हणायचे? मिलने गाडी बैलाच्या पुढे जुंपली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि स्वतःचे आयुष्य जगताना मलाही त्याचे उत्तर अपुरे वाटते. ज्याच्या हातात कायदा आहे त्याच्यासाठी मात्र याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. त्याच्या प्रत्येक शब्दाला शेवटी पोलीस, दंड आणि तुरुंग चिकटलेले असतात.

मदत न करणाऱ्याला शिक्षा करायची का, हा प्रश्न आपल्या देशाच्या कायद्याने फार पूर्वी हाताळला आहे. उपयुक्ततावादाचा प्रवर्तक बेंथम याने १७८९ च्या ग्रंथात एक उदाहरण दिले होते. एका बाईच्या डोक्यावरच्या वस्त्राने पेट घेतला आहे, शेजारी पाणी आहे, आणि एक माणूस ते ओतायचे सोडून हसत उभा आहे. अशा माणसाला शिक्षा का नसावी, असे बेंथमला वाटत होते. पुढे बेंथमच्याच विचारांच्या वळणाचा कायदा भारतासाठी करायला मेकॉले बसला. त्याच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा तयार केला, आणि त्याला जोडलेल्या टिपणात मेकॉलेने नेमकी उलटी बाजू घेतली. नदीला पूर आला आहे, वाटसरू उतरायला निघाला आहे, आणि धोका माहीत असलेला एक जण गप्प राहतो. हा खून होतो का? मेकॉलेचे उत्तर असे, की लोकांना सावध करायला सरकारने त्या काठावर शिपाई नेमला असेल आणि तोच गप्प राहिला असेल, तर होय. नुसता कोणी वाटेवरचा माणूस असेल, तर नाही. कलकत्त्याच्या शल्यचिकित्सकाचेही उदाहरण त्याने दिले. मेरठच्या रोग्यावर शस्त्रक्रिया करू शकणारा अख्ख्या हिंदुस्थानात तो एकटाच आहे आणि तो जायला नकार देतो. तो चांगला माणूस नसेल, पण खुनी नाही. त्याला शिक्षा करायची तर कलकत्त्यापासून किती कोसांवर कर्तव्य संपते, हे कायद्याला ठरवावे लागेल. भुकेल्याला पैसा न देणाऱ्या श्रीमंताचेही तसेच. किती श्रीमंताने किती द्यायचे, आणि भीक मागणाऱ्याने आधी किती हातपाय हलवलेले असावेत?

ही संहिता १८६० मध्ये कायदा झाली आणि १८६२ पासून अंमलात आली. तिच्यात वाटेवरच्या माणसावर मदतीची सर्वसाधारण सक्ती नव्हती. २०२४ मध्ये तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही ती नाही. दोघेही परिणामांचाच हिशेब करणारे असून बेंथम आणि मेकॉले परस्परविरुद्ध टोकांना पोहोचले, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे. बेंथमच्या डोळ्यांपुढे ती जळणारी बाई होती. मेकॉलेच्या डोळ्यांपुढे कोर्ट, साक्षीदार आणि सीमारेषा होत्या.

युरोपातल्या पुष्कळ देशांनी बेंथमची वाट धरली. फ्रान्समध्ये धोक्यातल्या माणसाला मदत न करणे हा गुन्हा आहे. १९९७ मध्ये पॅरिसच्या बोगद्यात राजकुमारी डायना यांची गाडी आदळल्यावर फोटो काढत बसलेल्या छायाचित्रकारांची याच गुन्ह्यासाठी चौकशी झाली, पुढे १९९९ मध्ये ते प्रकरण काढून टाकले गेले. जर्मनीत या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१६ मध्ये एसेन शहरातल्या एका बँकेच्या दालनात एक वृद्ध कोसळला, आणि पैसे काढायला आलेली माणसे त्याला ओलांडून, वळसा घालून निघून गेली. बँकेच्या कॅमेऱ्यात सगळे आले होते. पुढल्या वर्षी न्यायालयाने त्यांतल्या तिघांना दंड केला. ही बातमी मी वर्गात सांगितली तेव्हा मुलांनी जवळपास एकमुखाने म्हटले, "सर, आपल्याकडे पण हेच हवे."

मी आज तरी हे आपल्याकडे नको म्हणेन, आणि नको म्हणताना मला बरे वाटत नाही. एसेनच्या दालनात कॅमेरा होता आणि माणसे मोजकी होती. आपल्या महामार्गावर अपघातानंतरच्या दहा मिनिटांत शेकडो गाड्या निघून गेलेल्या असतात. मग पोलिसाच्या हाती कोण सापडणार? जो थांबला तो. ढाब्यावरचा पोऱ्या, पंक्चर काढणारा, शेतातून धावत आलेली बाई. काचा वर करून गेलेला माणूस तोवर पुढच्या टोलनाक्यावर पोहोचलेला असतो. न थांबल्याची शिक्षा थांबलेल्याच्या गळ्यात पडू लागली, तर पुढच्या वेळी तोही थांबणार नाही. शिक्षेच्या धाकाने माणसे उलट कशी वागू लागतात ते आपण जवळून पाहिले आहे. अपघात करून न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद देणारे उपकलम नव्या संहितेत आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालक संपावर गेले. थांबलो तर जमाव मारतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली, ते उपकलम मात्र बाजूला ठेवावे लागले.

तेव्हा वाटेवरच्या माणसासाठी मिलची दुसरी आणि तिसरी शिक्षाच खरी, म्हणजे लोकांचे बोलणे आणि मनाची टोचणी. "गाडी होती ना तुझ्याकडे? मग का नाही थांबलास?" असे बायकोने नवऱ्याला, मुलाने बापाला विचारायला हवे. आज घरात उलटे विचारले जाते. थांबलेल्यालाच "तू कशाला नसत्या भानगडीत पडलास?" असे ऐकावे लागते. आपल्या इनामाने हा घरातला संवाद बदलत नाही. जे काम अजिबात न केल्याबद्दल लाज वाटायला हवी, ते वीरांच्या यादीत गेले की लाज वाटण्याचे कारणच उरत नाही, कारण वीर न होणे हा काही दोष नव्हे.

लोकांच्या बोलण्याबद्दलही एक इशारा द्यायला हवा. तीही शिक्षाच आहे, आणि तिलाही परिणामांची तीच कसोटी लागते. रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणाचा तरी चेहरा मोबाइलवर टिपून, नावागावासकट देशभर फिरवून त्याला आयुष्यातून उठवणे ही कायद्याच्या दंडापेक्षा किती तरी क्रूर शिक्षा आहे, आणि तिला ना अपील ना मुदत. समाजाच्या जुलमाबद्दल मिलने १८५९ मध्येच बजावून ठेवले होते. ओळखीच्या माणसांनी तोंडावर विचारलेला प्रश्न आणि अनोळखी लाखोंनी केलेली दगडफेक यांत फरक करायला आपण शिकले पाहिजे.

आता मेकॉलेच्या त्या शिपायाकडे पुन्हा येतो, कारण मला सांगायचे ते त्याच्यापाशी आहे. वाटसरूला सोडताना मेकॉलेने शिपायाला सोडले नाही. ज्याला काठावर नेमला, त्याची चूक गुन्हाच. आपल्या रस्त्यांच्या काठावर असे शिपाई कोण? इस्पितळ आणि पोलीस ठाणे. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर एका स्कूटरस्वाराची हकिगत आली. गाडीने उडवलेल्या त्या माणसाला एका वाटसरूने जवळच्या इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पोलिसांच्या भानगडीची प्रकरणे इथे घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात जा, असे सांगितले. तो वाटेतच गेला. जीव वाचवणे आधी, कागद नंतर, असे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले. त्या गोष्टीतला वाटसरू पाहा. त्याने त्याचे काम चोख केले होते. शिपायाने केले नाही.

पुढचे काम आपल्याच काळात झाले, आणि त्याबद्दल मनापासून आभार. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे २०१५ मध्ये निघाली, सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी त्यांना बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. २०२० च्या नियमांनी तर मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याचीही सक्ती ठेवली नाही. पण त्या कलमाचा भंग करणाऱ्याचे काय? त्याच कायद्यात, चालकाने जखमीला मदत न करण्याबद्दल कैद किंवा दंड, किंवा दोन्ही नेमलेले आहेत. मदत करणाऱ्याला रात्रभर ठाण्यात बसवणाऱ्या पोलिसासाठी, त्याचे नाव-गाव-नंबर लिहून घेतल्याशिवाय जखमीला हात न लावणाऱ्या इस्पितळासाठी कलम १३४-अ मध्ये वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. मार्गदर्शक तत्त्वे खात्यांतर्गत कारवाईवर थांबतात. मिलच्या कसोटीने बोलायचे तर वाटसरूला त्रास न देणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे, असे आपण अजून खऱ्या अर्थाने मानलेलेच नाही. आपण त्याला विनंती केली आहे.

आणि इथे शिक्षा उपयोगी आहे, यात मला शंका नाही. ठाणे आणि इस्पितळ जागचे हलत नाहीत. तिथे नोंदवही असते, पाळीवर कोण होते ते ठाऊक असते, कॅमेरे असतात. मेकॉलेला छळणारा सीमारेषेचा प्रश्न तिथे येत नाही. एका ठाण्यातल्या एका अधिकाऱ्याला अशी शिक्षा झाल्याचे जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापून आले, तर त्या जिल्ह्यात पुढच्या अपघाताला किती गाड्या थांबतील याचा विचार करा. २५,००० रुपयांच्या शंभर धनादेशांनी ते होणार नाही. माझे विद्यार्थी न थांबण्याचे कारण विचारले की कधीही "आम्हाला काय त्याचे" असे म्हणत नसत. "सर, पोलीस विचारत बसतील, कोर्टाच्या तारखा लागतील" असे म्हणत. त्यांच्या मनात टोचणी होतीच. तिच्यावर भीती बसली होती.

इनामाबद्दल टिळकांच्या बाजूने कोणी विचारील, की पैशासाठी वाचवले तर त्यात पुण्य ते काय? कृत्याची पारख कर्त्याच्या बुद्धीवरून व्हावी, बाह्य परिणामाच्या मापाने नव्हे, हा 'गीतारहस्या'चा आग्रह आहे. मिलला हा आक्षेप मान्य नव्हता. बुडणाऱ्याला बाहेर काढणारा पैशाच्या आशेने उतरला असला तरी त्याने योग्यच केले; हेतूवरून माणसाची किंमत कळते, कृत्याची नाही, असे त्याचे म्हणणे. सरकारने या वादात मिलच्या बाजूने राहावे असे मला वाटते. जखमीला उचलणाऱ्याच्या मनात शिरायचे सरकारला कारण नाही. माझा आक्षेप इनाम घेणाऱ्यावर नाही. एक व्यावहारिक विसंगती मात्र आहे. नियम सांगतात की नाव देऊ नका, चालेल. इनामासाठी नाव द्यावे लागते, पोलिसांची किंवा इस्पितळाची पोच लागते, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जावे लागते. ज्या दारांची भीती वाटते, त्याच दारांतून इनाम मिळते.

मग गौरव कुणाचा करायचा? जिथे न करणाऱ्याला एका शब्दानेही बोलता आले नसते, तिथे केलेल्याचा. तत्त्वज्ञ अर्म्सन याने १९५८ मध्ये संत आणि वीर यांच्यावर एक निबंध लिहिला. सोबत्यांना वाचवायला हातबॉम्बवर झेप घेणारा शिपाई त्याने उदाहरणाला घेतला. आपल्याला उदाहरण लांब शोधायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस दलातल्या तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. दहशतवादी कसाबच्या रायफलीची नळी त्यांनी धरली आणि गोळ्या पोटात घेत धरून ठेवली. ते कर्तव्यावर होते, हे खरे. पण त्या क्षणी त्यांचा हात सुटला असता, तर कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या शेजाऱ्याने त्यांना दोष दिला असता? कुठलीच शिक्षा जिथे पोहोचू शकत नाही, तिथे ते उभे होते. अशोकचक्र तिथे शोभते. लोणावळ्याचे 'शिवदुर्ग मित्र' अडकलेल्यांना वाचवायला दोर लावून दरीत उतरतात, तेही याच जातीचे काम. त्यांच्या जागी मी घरी झोपून राहिलो तर मी अपराधी नाही. माझ्या डोळ्यांसमोर गाडी उलटली आणि मी फोनही न करता निघून गेलो, तर आहे. हे दोन्ही एकाच 'राहवीर' शब्दात बसवले, की ओंबळे यांच्या जातीचा पराक्रम स्वस्त होतो आणि माझा अपराध दिसेनासा होतो. पराक्रम सर्वांकडून मागायचा नाही, हे उपयुक्ततावाद्यालाही कळते. ज्या नीतीपुढे प्रत्येक जण रोज गुन्हेगार ठरतो, तिचे बोलणे काही दिवसांनी कोणीच मनावर घेत नाही.

म्हणून मंत्रिमहोदय, आपल्याकडे मागणे असे आहे. मोटार वाहन कायद्याची पुढची दुरुस्ती येईल तेव्हा कलम १३४-अ मोडणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला आणि इस्पितळाच्या व्यवस्थापनाला ठोस शिक्षा त्या कलमातच लिहा, आणि तक्रार ठाण्याबाहेर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येईल अशी सोय ठेवा. इनामाचा निधी दोन भागांत वाटा. जीव धोक्यात घालणाऱ्यांचा गौरव मोठा करा, रक्कम वाढवली तरी चालेल. बाकीच्यांना मानपत्र नको. रिक्षावाल्याची बुडालेली पाळी, रक्ताने खराब झालेली सीट, जाळलेले पेट्रोल एवढे त्याला इस्पितळाच्याच खिडकीवर, नाव न विचारता, त्याच दिवशी भरून द्या. साधारण माणसाने साधारण काम केले, त्याला तोशीस लागू नये, इतकेच. आणि वाहन परवान्याच्या परीक्षेत खुणांच्या पाट्यांबरोबर एक प्रश्न असा ठेवा, की अपघात दिसला तर तुम्ही काय कराल, आणि मदतीला आलेल्याला कायद्याने कोणते हक्क दिले आहेत. ज्याला हे सांगता येत नाही त्याला परवाना देऊ नका.

वाटसरूला शिक्षा करायचा दिवसही कधी येऊ शकेल. ठाण्यात आणि इस्पितळात सन्मानाने वागणूक मिळते याची लोकांना खात्री पटल्यावर, फोनही न करणाऱ्याला लहानसा दंड ठोठावणे कदाचित उपयोगी ठरेल, आणि तेव्हा बेंथमच्या बाजूने बोलायला मी आनंदाने उभा राहीन. पण क्रम महत्त्वाचा आहे. काठावरच्या शिपायाला आधी जबाबदार धरा. या अधिवेशनात ते शक्य नसेल तर कोणत्या अधिवेशनात होईल, एवढे जाहीरपणे सांगितलेत तरी मी आभारी राहीन.

आपला नम्र,
नीतिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक